फळ्यावर नसलेलं नाव

माझी बायको नऊ फायनल हरली. हे वाक्य मी घरात कधी उच्चारत नाही. घरात "नऊ फायनल खेळली" असं म्हणायचं असतं. तेही खरंच आहे म्हणा, कारण हरायला आधी तिथवर पोचावं लागतं, आणि आमच्या क्लबातली निम्मी मंडळी पहिल्या फेरीतच घामाघूम होऊन घरी जातात.

क्लब टेबल टेनिसचा. खाली औषधाचं दुकान, बाजूने जिना, वर लांबट हॉल. त्यात दोन टेबलं, चाळीस-पन्नास खुर्च्या आणि समोरच्या भिंतीवर महिला एकेरीच्या विजेत्यांचा लाकडी फळा. काळं पॉलिश, त्यावर सोनेरी अक्षरं. ती अक्षरं माझी. मी पेंटर आहे, म्हणजे हाताने पाट्या रंगवणारा. हल्ली पाट्या छापून येतात आणि त्यातला 'श' मला बघवत नाही, पण तो विषय काढला की मुलगी म्हणते, "बाबा, पाणी प्या." म्हणून तो राहू दे.

बायकोला क्लबात सगळे 'भिंत' म्हणतात. ती चेंडू मारत नाही, परत करते. तुम्ही कितीही जोरात मारा, कोपऱ्यात मारा, फिरवून मारा, चेंडू निमूटपणे तुमच्याकडे परत. पंधराव्या-सोळाव्या वेळी समोरचा वैतागतो, काहीतरी आचरटपणा करतो आणि पॉइंट जातो. अशा रीतीने ती दरवर्षी फायनलला जायची. पण फायनलला जो येतो तो सहजासहजी वैतागत नाही, ही एक अडचण. त्या काळी गेम एकवीसचा असे. वीस-वीस झाले की दोन पॉइंटांची आघाडी लागायची, आणि ती घ्यायची तर कुणीतरी चेंडू मारावाच लागतो. सगळा हॉल ओरडायचा, "मार! भिंत, मार!" ती मान हलवायची आणि चेंडू परत करायची. नऊपैकी सात फायनलमधला शेवटचा गेम ती बावीस-वीसने हरली. उरलेल्या दोनबद्दल आपण बोलत नाही.

आता माझ्या कामाची पद्धत सांगतो, कारण पुढचा सगळा घोळ तिथून सुरू होतो.

स्पर्धा एका रविवारी उरकायची. सकाळी दहाला सेमीफायनल, चारला फायनल, सातला बक्षीस समारंभ. समारंभात पाहुण्यांनी पडदा ओढायचा आणि फळ्यावर नव्या विजेतीचं नाव झळकायचं, असा सेक्रेटरींचा हट्ट. सेक्रेटरी म्हणजे वजनमापं तपासणारे सरकारी इन्स्पेक्टर, आता निवृत्त. त्यांना प्रत्येक गोष्ट मापात लागते. इनॅमल रंग सुकायला किमान चार तास. मॅच संपायला साडेपाच. आता करा हिशेब. एका वर्षी मी मॅचनंतर नाव लिहिलं, तर पाहुण्यांनी कौतुकाने त्यावरून हात फिरवला आणि विजेतीचं अर्धं नाव कोटाच्या बाहीवर घेऊन घरी गेले. तेव्हापासून ठरलं, नाव सकाळी आठलाच लिहायचं. अंदाजाने.

"कुणाचं लिहिता ते मला सांगू नका," सेक्रेटरी म्हणाले. "मी निःपक्ष आहे."

अंदाज चुकला तर काय, टर्पेंटाइनने पुसायचं, दुसरं नाव लिहायचं आणि पाहुण्यांना दोन हात लांब उभं करायचं. टर्पेंटाइनची बाटली माझ्या पिशवीत कायम. पॉलिशवर खडूची रेघ धरत नाही, म्हणून मी अक्षरांची कड आधी कर्कटकाच्या टोकाने कोरून घ्यायचो आणि मग आत रंग भरायचो. रंग पुसला जातो, कोरलेलं जात नाही. त्यावर काळ्या पॉलिशचा हात फिरवला की वरून काही दिसत नाही. निदान तीस वर्षं तरी दिसलं नव्हतं.

बायको स्पर्धेत होती तोवर मी कुणाचं नाव लिहायचो, हे सांगायला नकोच. आणि ती हस्तांदोलन करून टॉवेल घ्यायला वळायची तेवढ्यात पडद्यामागे जाऊन ते पुसायचो. तिला यातलं काही ठाऊक नव्हतं. वर्षानुवर्षं ती मला एवढंच म्हणायची, "मी हरले की तुम्ही लगेच कुठे गायब होता? दोन शब्द तरी बोलावेत माणसाने!" मी म्हणायचो, बाथरूमला. माझी ही खोड तिने माहेरीसुद्धा सांगून ठेवली आहे.

तर यंदा क्लबाला पन्नास वर्षं झाली. हॉलला रंग, टेबलांना नवी जाळी, सुताराकडे पाठवलेल्या फळ्याला नवं पॉलिश, आणि हॉलला नाव. 'क्लबाची सर्वश्रेष्ठ महिला खेळाडू' निवडून तिचं नाव दारावर लावायचं, असं ठरलं. नावं दोन आली. एक भिंत. दुसरी दातांची डॉक्टरीण, जी चार वेळा विजेती होती आणि त्यातल्या तीन फायनल तिने भिंतीलाच हरवून जिंकल्या होत्या. दोघींची घट्ट मैत्री. आमच्या घरातले सगळे दात तिच्या हातचे आहेत.

"मला काही नको बाई," बायको म्हणाली. "हॉलला नाव नसलं म्हणून चेंडू उडायचा थांबतो का?"

आणि त्या आठवड्यात तिने एकच कपाट तीनदा आवरलं. एकदा वर्तमानपत्र उचललं तर समासात पेनाने तिचं पूर्ण नाव आणि पुढे 'सभागृह' असं लिहिलेलं. अक्षर वाईट होतं, पण हेतू स्वच्छ होता. तिला ते हवं होतं. ती आता एकसष्ट वर्षांची आहे, गुडघा दुखतो, आणि खेळाबद्दल दाखवायला तिच्याकडे उपविजेतेपदाच्या नऊ वाट्या आहेत, ज्यांत आम्ही सेफ्टी पिना ठेवतो. मलाही ते हवं होतं. तिच्याहून थोडं जास्तच.

रविवारी पाचला सभा, सातला उद्घाटन. म्हणजे पुन्हा तेच! सेक्रेटरी मला शनिवारी म्हणाले, "पेंटर, पाटी सकाळीच करून दारावर लावा आणि वर पडदा टाका. अंदाजाने. मला सांगू नका."

सभेला बेचाळीस सभासद आले. मी सभासद नाही, मी शिडीजवळ उभा होतो. पहिला मुद्दा सेक्रेटरींनीच मांडला.

"माप एकच. विजेतेपद. चार विरुद्ध शून्य. फळ्यावर ज्याचं नाव नाही त्याचं दारावर कसं?"

"अहो, पण नऊ फायनल!" मागून कुणीतरी म्हणालं.

"नऊ वेळा बस चुकली म्हणून कुणी प्रवासी होत नाही."

यावर आमची मुलगी उठली. ती शाळेत शिकवते आणि क्लबाची सभासद आहे. "चुकली नाही, काका. नऊ वेळा शेवटच्या स्टॉपच्या एक स्टॉप आधी उतरवलं तिला. तिकीट पूर्ण काढलेलं होतं."

मग बस, स्टॉप आणि तिकीट यांवर वीस मिनिटं गेली. एका आजोबांनी विचारलं की बस नक्की कुठे जाणार होती, आणि ते दोघांनी त्यांना समजावून सांगितलं. एक जण म्हणाला, सगळ्यांना समान गुण देऊन सरासरी काढा. सेक्रेटरींनी विजेतेपदाला दहा आणि उपविजेतेपदाला चार असे गुण धरून पाहिलं, तर डॉक्टरणीचे चाळीस आणि भिंतीचे छत्तीस झाले. लगेच कुणीतरी म्हणालं, डॉक्टरीण एकदा उपविजेतीही होती. मग चव्वेचाळीस. तेव्हा भिंतीच्या बाजूच्या लोकांनी उपविजेतेपदाचा भाव पाचावर नेला. मंडईत शोभावी अशी घासाघीस सुरू झाली. बायको पहिल्या रांगेत हात मांडीवर ठेवून बसली होती. चेहऱ्यावर काही नाही. भिंत.

शेवटी डॉक्टरीण उभी राहिली.

"मी सांगू का? मी चार वेळा जिंकले. हिला हरवलं त्या तीनही वेळा सोमवारी दवाखाना बंद ठेवला, कारण हात वर जात नव्हता. हिच्याशी खेळून माझा खेळ घडला. फळ्यावरची माझी नावं वाचली की मला ती मॅच आठवत नाही, हिचं तोंड आठवतं. कंटाळा म्हणून नाही हो त्या तोंडावर! मी घाबरायचे त्याला."

टाळ्या पडल्या. सेक्रेटरी म्हणाले की हे हृद्य आहे, पण मापात बसत नाही, आणि मत घेतलं. मुलीने दोन्ही हात वर केले, तिला एक खाली घ्यायला लावला. मोजणी झाली. वीस विरुद्ध वीस.

इथे आमच्या संस्थापकांबद्दल सांगायला हवं. हा गृहस्थ इतका खेळवेडा होता, की त्याने क्लबाच्या घटनेतच लिहून ठेवलं, 'कोणत्याही ठरावावर वीस-वीस मते झाल्यास, दोन मतांची आघाडी मिळाल्याशिवाय ठराव निकाली निघणार नाही.' या कलमापायी पाण्याचा फिल्टर घ्यायला आम्हाला सात महिने लागले होते. तोवर सगळे घरून बाटली आणायचे.

मत न दिलेल्या दोघीच उरल्या, त्या दोघी उमेदवार. डॉक्टरणीने हात वर केला. "भिंत," ती म्हणाली.

एकवीस-वीस.

"आघाडी भिंत," सेक्रेटरी सवयीने म्हणाले आणि मग खाकरले. सगळा हॉल बायकोकडे बघू लागला.

"छे," ती म्हणाली. "स्वतःलाच मत? मला नाही जमायचं."

"मग निकाल नाही. पुढच्या वार्षिक सभेपर्यंत हा 'वरचा हॉल'च राहील."

"राहू दे."

"भिंत, मार!" मागून कुणीतरी ओरडलं. मग दुसरा ओरडला. मग सगळेच. तिने नेहमीसारखी मान हलवली. मला ती मान हलवणं इतकं पाठ आहे की माझा हात आपोआप पिशवीतल्या बाटलीकडे गेला. वाईट वाटलं. या वयात पुन्हा एकदा बाथरूमला जायचं जिवावर आलं होतं.

तेवढ्यात जिन्यावर धडधड झाली आणि सुतार आला. त्याच्यामागे त्याचा भाऊ, आणि दोघांच्या खांद्यावर आमचा फळा. जुनं पॉलिश आणि रंग काढून, धुऊन तो शनिवारी परत यायचा होता. नावं मी कागदावर उतरवून घेतली होती, नव्याने लिहायला. मला वाटलं होतं सुतार लाकूड घासून गुळगुळीत करील. त्याने ते केलं नव्हतं.

"साहेब," फळा खिडकीला टेकवून सुतार म्हणाला, "पॉलिश उतरवलं तर आतून हे निघालं. चांगलं सागवान कुणीतरी ओरबाडून ठेवलंय. बाकी ओळींना एकेक नाव आहे, ते ठीक. पण ह्या इथून इथपर्यंत नावाखाली नाव. आणि खालचं तेच तेच. भरून काढू का तसंच ठेवू, ते विचारायला आलो."

मी शिडीच्या मागे गेलो. शिडीच्या मागे माणूस लपत नाही, हे मला तेव्हा कळलं.

खिडकीतून तिरपं ऊन येत होतं. कोऱ्या लाकडावर बारीक रेघा चमकत होत्या. तिच्या नावात चार अक्षरं आहेत, त्यात एक जोडाक्षर. ते जोडाक्षर मी जसं काढतो तसं आणखी कुणी काढत नाही. ओळीने तेच, पुन्हा पुन्हा. मागचे लोक उठून पुढे आले. ते मघाचे आजोबासुद्धा.

सेक्रेटरी चष्मा वर करून जवळ गेले. "अच्छा," ते म्हणाले. "असा अंदाज होता तर."

बायको उठली. गुडघ्यावर हात ठेवून फळ्यापाशी गेली आणि बोट लावून मोजू लागली.

"अहो, इकडे या."

मी गेलो.

"हे तुम्ही आधी लिहायचात? मॅचच्या आधी?"

"सकाळी आठला. रंग सुकायला लागतो ना..."

"आणि मी हरले की पुसायचात."

"हो."

"म्हणजे तुम्ही बाथरूमला..."

"नाही."

ती पुन्हा मोजू लागली. "नऊ फायनल. ही बारा कशी?"

"दोन वर्षं तू सेमीफायनलला हरलीस. ती दहाला असायची. नाव आठला लिहून झालेलं असायचं."

"अकरा झाली."

मुलगी पुढे आली, तिने ओळीच्या सुरुवातीचं साल वाचलं आणि म्हणाली, "आई, हे माझ्या जन्माचं वर्ष आहे."

आता हे तुम्हाला सांगितलं पाहिजे. आमची मुलगी स्पर्धेच्या रविवारीच झाली. सकाळी नऊ चाळीसला. मी तेव्हा दवाखान्यात नव्हतो. साडेसातला "आलोच" म्हणून गेलो आणि साडेदहाला उगवलो. एकतीस वर्षं हे प्रकरण आमच्या घरात आहे. मी आधी सांगितलं की सायकल पंक्चर झाली. नंतर कधीतरी सांगितलं की औषधाच्या दुकानात रांग होती. मग एकदा दिवाणखान्यात, पाहुण्यांसमोर, दोन्ही एकदम सांगितलं. तेव्हापासून कुठलंही भांडण असो, भाजीत मीठ जास्त झाल्याचं असलं तरी, ते शेवटी त्या तीन तासांवर येतं.

"त्या वर्षी मी खेळलेच नव्हते," बायको हळू म्हणाली. "मी दवाखान्यात होते."

"डॉक्टर म्हणाले होते, कधीही होईल. मला वाटलं, आठपर्यंत मोकळी झालीस तर चारच्या फायनलला..."

"बाळंत होऊन?"

"तू भिंत आहेस ना."

"आणि सेमीफायनल? ती कोण खेळणार होतं?"

"त्याचा विचार नव्हता केला."

हॉलमध्ये कुणीतरी फिसकन हसलं. डॉक्टरणीने त्याच्याकडे बघितलं आणि तो थांबला. तिच्याकडे त्याचं रूट कॅनाल चालू होतं.

बायकोने त्या बाराव्या नावावरून बोट फिरवलं. ते जरा वाकडं आलं होतं. त्या दिवशी माझं अर्धं लक्ष दवाखान्यात होतं, जोडाक्षराचा पाय खाली गेला होता. तिचे डोळे भरले. माझेही. तीस वर्षांत पहिल्यांदा मला पडद्यामागे जायचं नव्हतं आणि चेहऱ्याचं काय करावं ते कळत नव्हतं.

"मूर्ख माणूस," ती म्हणाली. "एकतीस वर्षं. सरळ सांगायचं नाही का?"

"काय सांगायचं? पुसलं होतं ते."

ती फळ्याकडे पाठ करून सभेकडे वळली. डॉक्टरीण अगदी हलक्या आवाजात म्हणाली, "मार."

आणि भिंतीने हात वर केला. वर म्हणजे किती, खांद्यातून, कोपर सरळ, जणू छताला चिकटलेला चेंडू खाली आणायचा आहे. मी तिला टेबलावर असं कधीच करताना पाहिलं नव्हतं.

"बावीस-वीस," सेक्रेटरी म्हणाले. त्यांनी चष्मा पुसला. मग त्यांनी स्वतःला सावरून घड्याळ पाहिलं. "सव्वासहा. पाहुणे सातला. पेंटर, पाटीचं काय?"

मी दारावरच्या पडद्याची दोरी ओढली. पाहुण्यांच्या आधी ओढायची नसते, पण ओढली. सोनेरी अक्षरं, चार, एक जोडाक्षर, पुढे 'सभागृह'. टाळ्या इतक्या झाल्या की खालचा औषधवाला काय पडलं ते बघायला वर आला.

बायकोने हात उंच करून एका अक्षराला बोट लावलं, बोट पाहिलं. कोरडं होतं.

"सकाळी आठला?"

"पावणेआठला."

"आणि हरले असते तर?"

खोटं बोलून एकतीस वर्षं काय मिळालं ते मघाशीच कळलं होतं. मी पिशवीतून टर्पेंटाइनची बाटली काढून दाखवली. तिने ती माझ्या हातातून घेतली, झाकण घट्ट आहे ना ते पाहिलं आणि आपल्या पर्समध्ये टाकली. परवा एका दुकानाच्या पाटीवर एक अक्षर चुकलं, तेव्हा मी ती मागितली. मिळाली नाही. म्हणाली, नीट लिहा.